मास्तर मुद्दाम चुकतात

सोमवार, ३ सप्टेंबर
संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. पलंगावर बसून मनगटावरच्या भाजलेल्या जागेला मलम लावत होतो, तेव्हा ठरवलं की आजपासून लिहायचं. मलमाचं झाकण लावलं आणि लगेच बसलो, नाहीतर विचार बदलला असता.

कारण असं. आज दुपारी आमच्या तळघराच्या दाराशी सूचना लागली. हॉस्पिटलला वॉर्डासाठी दोन मदतनीस हवे आहेत. बाहेरची माणसं बोलावण्याआधी आतल्यांना संधी. परीक्षा तोंडी, वीस तारखेला, गुरुवारी सकाळी नऊला. घेणार मोठ्या सिस्टर. त्या परदेशातून आल्या आहेत आणि त्यांना इंग्रजीशिवाय दुसरं काही येत नाही. त्या सांगतील तसं पलंगावरच्या रबरी पेशंटला आडवं करायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं आणि आपण काय करतोय ते इंग्रजीत म्हणत राहायचं.

मी पाच वर्षं तळघरात चादरी धुतोय. शाळा नववीत सुटली. तळघरात खिडकी नाही आणि इस्त्रीचा रोलर दिवसभर चालू असतो. वरच्या मजल्यावरच्या लोकांना बाहेर ऊन आहे की ढग आहेत हे माहीत असतं. मला ते सुट्टी झाल्यावर कळतं. एवढ्याचसाठी मला वर जायचंय. दुसरं मोठं कारण असावं म्हणून बराच विचार केला, पण नाही सापडलं.

सूचनेत ‘तोंडी’ ऱ्हस्व लिहिलं होतं. मी पेन्सिलने दीर्घ केलं. धुलाईच्या मुकादमांनी पाहिलं. म्हणाले, “शुद्धलेखन, तू वॉर्डात गेलास तर कण्हणाऱ्या पेशंटच्या चुका काढशील. लोक दुखण्याने नाही, तुझ्या धाकाने मरतील.”

सगळे हसले. नाव मात्र मी दिलं.

मंगळवार, ४ सप्टेंबर
मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणजे माझे घरमालक. ते वर राहतात, त्यांची खालची मागची खोली मी दोन वर्षांपूर्वी भाड्याने घेतली. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता एकटे असतात. मुलगी दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करते.

मी म्हणालो, “मास्तर, मला शब्द येतात. स्पेलिंगही येतं. पण सारख्या आवाजाची क्रियापदं समोर आली की माझा गोंधळ होतो. लाय आणि ले. राइज आणि रेज. सिट आणि सेट.”

“मराठी येतं का तुला?”

“येतं की.”

“निजणं आणि निजवणं यात घोटाळा होतो तुझा?”

“नाही.”

“मग? लाय म्हणजे आपण आडवं होणं, ले म्हणजे दुसऱ्याला आडवं करणं. राइज म्हणजे उठणं, रेज म्हणजे उचलून वर करणं. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे जागच्या जागी ठेवणं. जो स्वतः करतो तो एका घरात, जो दुसऱ्याला करायला लावतो तो दुसऱ्या घरात. निम्मं इंग्रजी तर तू आईच्या कडेवर शिकलास, लेका.”

इतकं सोपं वाटलं की भीती वाटली. सोप्या गोष्टी मला नेहमी परीक्षेत दगा देतात.

गुरुवार, ६ सप्टेंबर
आज कळलं की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो. म्हणजे काल जो स्वतः आडवा झाला त्याच्यासाठी नेमका तोच शब्द, जो आज दुसऱ्याला आडवं करायला वापरायचा. मी वही मिटली आणि म्हणालो, हे मुद्दाम केलंय कुणीतरी.

मास्तर खूश झाले. म्हणाले, “मुद्दाम! आता कसं बोललास. आपणही मुद्दामच करू या.” आणि त्यांनी नियम सांगितला. शाळेत पोरांना ते असंच शिकवायचे म्हणे. शिकवताना ते अधूनमधून चुकीचं बोलणार. मी पकडलं तर एक गुण, सुटलं तर एक वजा. आणि चूक मुद्दाम केली होती हे ते काही झालं तरी कबूल करणार नाहीत. हिशोब शेवटच्या दिवशी.

“कबूल का नाही करायचं?”

“कारण मी कबूल केलं की तू माझ्या तोंडाकडे बघायला लागशील. मला तुझे कान हवेत.”

मग पलंगावर आडवे झाले आणि पेशंट बनले. मी त्यांना इंग्रजीत खोल श्वास घ्या म्हणालो. ‘ब्रीद’ म्हणायचं होतं, तोंडातून ‘ब्रीड’ गेलं. मास्तर डोळे मिटून म्हणाले, “या वयात? प्रयत्न करतो.” ‘ब्रीड’ म्हणजे पोरं जन्माला घालणं, हे सांगितलं तेव्हा माझे कान गरम झाले. रबरी पेशंटसमोर असं झालं तरी चालेल, मोठ्या सिस्टरसमोर नको.

शनिवार, ८ सप्टेंबर
आजचे गुण अधिक तीन, वजा एक. ‘वाइप’ म्हणजे पुसणं आणि ‘व्हिप’ म्हणजे चाबकाने फोडून काढणं. मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, आता तू पेशंटचं तोंड ‘व्हिप’ कर, आणि मी रुमाल घेऊन निघालो. ती वजा एक.

मास्तरांना उठवून बसवताना त्यांच्या काखेत हात घालायचा नाही, खांद्याच्या फऱ्यामागे घालायचा, हे मी तळघरात येणाऱ्या एका वॉर्डबॉयकडून शिकून आलो. मास्तर म्हणाले हात थंड आहेत तुझे, आधी चोळ. हे इंग्रजीत नव्हतं, पण लिहून ठेवतोय.

रविवार, ९ सप्टेंबर
मास्तरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मास्तरांनी तिला दोनदा तिच्या आत्याच्या नावाने हाक मारली. ताई पलीकडून मोठ्याने हसल्या, मला खुर्चीपर्यंत ऐकू आलं. “बाबा, झालं का तुमचं सुरू पुन्हा?” मास्तर पण हसले. मला त्यांच्या घरची गंमत कळली नाही, पण बरं वाटलं.

मंगळवार, ११ सप्टेंबर
आज अधिक सात! एकही सुटली नाही. ‘फील’च्या, म्हणजे जाणवण्याच्या, जागी भरण्याचं ‘फिल’, ‘सेट’च्या जागी ‘सिट’, आणि लाय-लेची तर त्यांनी खिचडीच केली होती. मी प्रत्येक वेळी हात वर केला. सातव्यांदा मास्तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, मी फार पटापट पकडतो म्हणून थोडे खट्टू झाले. शिक्षकांचं असतं असं.

चहा देताना कप त्यांच्या हातून सुटला. मी फरशी पुसली. पुसताना ‘वाइप’ म्हणालो.

गुरुवार, १३ सप्टेंबर
मास्तरांकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. “अरे, तुझ्या मास्तरांचं काही बिनसलंय का? काल महिन्याचे पैसे दिले, आज परत दिले.”

“तुम्ही परत केलेत ना?”

“केले की! मला काय तसली समजलास? पण घेताना माझ्याकडे असे बघत होते, जसं मीच त्यांना काही देणं लागते.”

मी म्हणालो, मास्तर परीक्षा घेत असतील तुमची. मावशी म्हणाल्या, “माझी कसली परीक्षा? मी भांडी घासते.” आणि पिशवी उचलून गेल्या. मावशींना मास्तरांचा स्वभाव ठाऊक नाही.

गेले दोन दिवस नीट झोप नाही. रोलरजवळ उभा असतानाही ओठ हलतात. मुकादम म्हणाले, “देवाचं नाव घेतोस की माझं?”

शुक्रवार, १४ सप्टेंबर
आजचा दिवस नोंदण्यासारखा. मास्तरांनी पेशंटचं सोंग इतकं हुबेहूब वठवलं की मी चकित झालो. उजवा हात असा काही सोडून दिला की मी उचलला तर ओल्या चादरीसारखा जड लागला. खाली सोडला तर तसाच पडला. मी म्हणालो, “मास्तर, नाटकात काम करायचात का?” ते काही बोलले नाहीत. पेशंट बोलत नाही, बरोबर.

शिवाय मधेच वाक्य अर्धवट सोडून बराच वेळ थांबले. परीक्षक असं करतात, समोरच्याला घाम फुटावा म्हणून. मी घाबरलो नाही. तेवढ्या वेळात राइजची तिन्ही रूपं मनात म्हणून घेतली. मग त्यांनी ‘ग्लास’ मागितला आणि मी दिला तर चष्म्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत चष्मा म्हणजे ‘ग्लासेस’, म्हणून मी गुण धरला. अधिक नऊ.

रविवार, १६ सप्टेंबर
अस्वस्थ आहे. आज मास्तर म्हणाले, आपण स्वतः आडवं होतो ते ‘ले’. मी पकडलं. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हणालो, मास्तर, लाय. ते नाही म्हणाले, आणि आवाज चढला. एरवी त्यांचा आवाज चढत नाही. मी वहीतलं पहिल्या दिवसाचं पान काढलं. त्यांनीच सांगितलेलं, माझ्याच अक्षरात. ते पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी पान उलटं केलं.

आता मला कळेना की मी चुकतोय, का ते चुकवतायत, का पहिल्याच दिवशी मुद्दाम चुकीचं सांगून मला दोन आठवडे फसवलं. खाली जाऊन शब्दकोश पाहिला. मी बरोबर आहे. पण मग शब्दकोश पाहावा लागला याचीच लाज वाटली.

परत वर गेलो आणि विचारलं, “मास्तर, एकच सांगा. आज मुद्दाम किती?”

त्यांनी फार वेळ घेतला. मग म्हणाले, “सगळे.”

आणि हसले, अर्ध्याच तोंडाने. किती कसलेला माणूस आहे. हलकं वाटलं. त्यांना आदराने नमस्कार करून खाली आलो.

बुधवार, १९ सप्टेंबर
उद्या तोंडी. मास्तर संध्याकाळी सहालाच खुर्चीत झोपलेले होते, म्हणून उठवलं नाही. हिशोब व्हायचा राहिला. माझ्या मोजणीने अधिक एकतीस. शर्टाला इस्त्री केली. आज मुकादम स्वतःहून म्हणाले, सकाळी उशिरा आलास तरी चालेल. त्यांना मी गेलेलो हवाय की नकोय, कळत नाही.

गुरुवार, २० सप्टेंबर
आमच्याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर लिहितोय. इथे खिडकी आहे. बाहेर ढग आहेत.

सकाळी साडेसातला नमस्कार करायला वर गेलो. मास्तर शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. डाव्या हाताने बटणाशी झटत होते. उजवा मांडीवर पडलेला. मला म्हणाले, “याचं झाकण लागत नाही रे.”

मी म्हणालो, “बटण.”

“तेच म्हणतोय. झाकण. केव्हाचं भांड्याला लावतोय.” आणि शर्टाची कड माझ्यासमोर धरली.

मी हात वर केला होता. गुण घ्यायला. तो हात वरच राहिला. चुकवायचं ठरलं होतं ते इंग्रजीत. मराठीत काही ठरलं नव्हतं.

त्यांचे डोळे पाहिले तर ते घाबरलेले होते. कधीपासून घाबरलेले होते कोण जाणे. मी तोंडाकडे बघायचं नाही असा नियम होता ना.

फोन केला, रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवर मीच उचलून ठेवलं, फऱ्यामागे हात घालून. हात चोळायला विसरलो. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?” मी म्हणालो, आज सकाळपासून. मग म्हणालो, नाही. हात शुक्रवारपासून. शब्द त्याच्याही आधी, अकरा तारखेपासून नक्की.

“आणि तुम्ही आज आणताय?”

मी म्हणालो, मला वाटलं ते मुद्दाम करतायत. डॉक्टरांनी पेन उघडलं. मग लिहायला लागले. नंतर म्हणाले, मेंदूत एका जागी रक्त पोचत नव्हतं, आधी थोडंथोडं, मग जास्त.

नऊ वाजून गेल्यावर मुकादम तिसऱ्या मजल्यावर शोधत आले. धापा टाकत होते. “शुद्धलेखन, खाली तुझं नाव पुकारलं. चल लवकर, मी सांगून आलोय की तू मुतायला गेलायस.”

मास्तरांनी डाव्या हाताने माझी बाही धरली होती. मी ती सोडवू शकलो असतो. पकड काही फार नव्हती.

मुकादमांनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा बाहीकडे. म्हणाले, “बरं. मी सांगतो सिस्टरला काहीतरी.” आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो ओला होता.

शनिवार, २२ सप्टेंबर
ताई आल्या. रात्रभर प्रवास करून थेट वॉर्डात. त्या काही विचारायच्या आत मी सगळं सांगितलं. खेळ, नियम, गुण, एकतीस. माझ्या डोक्यात ही गोष्ट एवढी फिरवून झाली होती की सांगताना एक शब्द अडला नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

ताईंनी मास्तरांची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, “मला आत्याच्या नावाने हाक मारत होते फोनवर. दोन रविवार. मी हसत होते.”

मी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. त्या बसल्या.

“लहानपणी आम्ही जेवायला बसलो की असंच करायचे. मिठाला साखर म्हणायचे. आम्ही पकडायचो.” त्यांनी नाक पुसलं. “तू काही एकटा नाहीस त्यात. पण एकदा तरी वाटलं नाही तुला?”

“वाटलं. सोळा तारखेला. मी विचारलं पण. ते म्हणाले, सगळे मुद्दाम.”

ताईंनी मान हलवली. “ते म्हणालेच असते. त्यांना कळलं असणार की आपलं काहीतरी निसटतंय. मग तुझा खेळ बरा पडला लपायला.”

हे मला सुचलंच नव्हतं. मी इथे लिहून ठेवतोय, पण अजून पूर्ण समजलेलं नाही. म्हणजे मी गुण घेत होतो तेव्हा ते काय करत होते?

सोमवार, १ ऑक्टोबर
वॉर्डासाठी दोघे निवडले. एक बाहेरचा, एक आमच्या स्वयंपाकघरातला. मुकादमांनी माझ्यासाठी रोलरपासून लांबचं काम ठेवलं, घड्या घालायचं. दुपारच्या सुट्टीत मी तिसऱ्या मजल्यावर जातो. मास्तर जागे असतात, पण बोलत नाहीत. इंग्रजीही नाही, मराठीही नाही. मी क्रियापदं म्हणत नाही. हवेबद्दल बोलतो.

रविवार, २१ ऑक्टोबर
मास्तर काल घरी आले. ताई त्यांना सोबत न्यायला तयार होत्या, बॅगही भरली होती. मास्तरांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली ती धरलीच. ताई म्हणाल्या, “बाबा, हे काय लहान मुलासारखं?” ते सोडेनात. शेवटी ताई माझ्याकडे वळल्या. “तू मागे राहतोसच. दिवसा मावशी, सकाळ-संध्याकाळ तू. जमेल का खरं सांग. भिडेखातर हो म्हणू नकोस.”

मी दोन मिनिटं मागितली. जिन्यात उभा राहून विचार केला की काय काय चुकू शकतं. यादी फार लांब झाली. वर येऊन हो म्हणालो.

आज त्यांचा पहिला शब्द आला. मी सूप भरवत होतो. मास्तर म्हणाले, “चूक.”

मी चमचा खाली ठेवला. “काय चुकलं, मास्तर?”

“चूक,” खिडकीकडे बघून. मग सुपाकडे बघून, “चूक.” काल रात्रीच परत गेलेल्या ताईंनी फोन केला तेव्हा त्यांनाही तेच. डॉक्टर म्हणाले, कधीकधी एकच शब्द आधी परततो, आणि माणूस सगळ्यालाच तो वापरतो. जो तोंडात जास्त बसलेला असेल तो. मावशी म्हणाल्या, “मास्तर आहेत. दुसरं काय येणार?”

मंगळवार, १३ नोव्हेंबर
निवडलेल्यांतला एक पळाला. त्याला बेडपॅन जमेना. मोठ्या सिस्टरनी मुकादमांकडे निरोप पाठवला: तो वीस तारखेला न आलेला मुलगा उद्या सकाळी दहाला.

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “चूक.” त्यात काही अर्थ धरायचा नसतो, तरी मी तो धरला. आज दोन वेळा जिना उतरून परत चढलो, कशासाठी ते आठवेना. वही उघडली नाही. उघडली की मला ते एकतीस दिसतात.

बुधवार, १४ नोव्हेंबर
सकाळी दहा. रबरी पेशंट पलंगावर. मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून उभ्या. त्यांनी सांगितलं, आडवं आहे त्याला उठवून बसव. मी हात चोळले, फऱ्यामागे घातले आणि माझ्या तोंडून मराठीत निघालं, “चला, मास्तर, आता बसायचं हं.” मग घाबरून तेच इंग्रजीत म्हणालो. ‘रेज’ बरोबर आलं. कुशीवर वळवताना ‘टर्न’ आलं. उशीवर टेकवताना ‘ले’ आलं. मी आधी जोडीतला दुसरा शब्द आठवून मग पहिला निवडायचो, तो आज आठवावा लागला नाही.

सिस्टरनी विचारलं, आधी तू काय म्हणालास त्याला? मी म्हणालो, उचलणार आहे ते सांगितलं. त्या म्हणाल्या, हा रबरी आहे. मी म्हणालो, हो.

मग त्यांनी माझ्याकडून शब्दांच्या चार जोड्या म्हणून घेतल्या. एक चुकली, फील-फिल. ती त्यांनी दुरुस्त केली आणि कागदावर सही केली. सोमवारपासून, सकाळी सहाला हजर.

तळघरात सांगितलं तर मुकादम म्हणाले, “आता चादरी घाण करून खाली पाठवू नकोस म्हणजे झालं,” आणि सगळ्यांसाठी चहा मागवला.

घरी आलो. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, “मास्तर, मिळाली नोकरी. वॉर्डातली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “चूक.”

“नाही, खरंच. सहीचा कागद आहे.” मी कागद दाखवला.

त्यांनी कागद डाव्या हातात घेतला, सरळ धरला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग बोटाने एका जागी टकटक केलं. मी वाकून पाहिलं. माझ्या आडनावात एक अक्षर गळलं होतं.

“चूक,” मास्तर म्हणाले, आणि या वेळी भुवया वर गेल्या.

मी नुसतं हो म्हणालो. नाक पुसायला आत जाऊन आलो.

मग कामाचं बोललो. सहाला हजर व्हायचं तर त्यांना त्याआधी उठवणं, तोंड धुणं, औषध, सगळं व्हायला हवं, आणि मावशी आठशिवाय येत नाहीत. पटेल तेव्हा दाबा म्हणून मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि वेळा म्हणत गेलो. पाच. नाही. पावणेपाच. नाही. साडेचार म्हणालो तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. मी म्हणालो, मास्तर, फार लवकर होतं, तुमची झोप मोडेल. त्यांनी पुन्हा दाबला, जोरात.